सेंट लुसियात एक दिवस: लहान गटाची सहल घ्यावी का, आणि कोणती

प्रश्न थोडक्यात असा. न्यूजर्सीत राहणारं कुटुंब, नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले आजी-आजोबा, फेब्रुवारीत कॅरिबियन क्रूझवर निघणार आहे. जहाज सेंट लुसिया बेटावर कॅस्ट्रीज बंदरात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात. आजींना मधुमेह. सगळे शाकाहारी. जहाजातर्फे विकली जाणारी मोठ्या बसची सहल घ्यावी, दहा-बारा जणांच्या व्हॅनची स्थानिक सहल घ्यावी, की धक्क्यावर उतरून टॅक्सी करावी? आणि एका दिवसात बेटाची पूर्ण प्रदक्षिणा होईल का?

मी पूर्व कॅरिबियन बेटांवर मराठी माणसांचे गट नेते, त्यामुळे आधी उत्तर देते आणि मग कारणं. लहान व्हॅन घ्या. पूर्ण प्रदक्षिणा करू नका. कॅस्ट्रीजहून पश्चिम किनाऱ्याने सूफ्रिएर गावापर्यंत जा, तिथे निवांत वेळ घालवा आणि त्याच रस्त्याने परत या.

नकाशा बघून प्रदक्षिणेचा मोह होतो, कारण बेट लहान आहे: उत्तर-दक्षिण साधारण ४३ किलोमीटर, रुंदीला २२. पण या बेटावर सपाट जमीन फार थोडी. पश्चिमेचा रस्ता एका खोऱ्यात उतरतो, कोळ्यांच्या गावातून जातो, पुन्हा डोंगरावर चढतो आणि पुढच्या खोऱ्यात उतरतो. कॅस्ट्रीज ते सूफ्रिएर अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण लागतो तास-सव्वा तास, आणि तोही कुठेही न थांबता. आंबोली घाट चढताना पोटात जे होतं तेच इथे होतं, फक्त चढ-उतार पुन्हा पुन्हा येतात. सूफ्रिएरहून पुढे दक्षिणेला व्ह्यू फोर्ट आणि तिथून पूर्व किनाऱ्याने कॅस्ट्रीज अशी फेरी केली तर अर्धा दिवस खिडकीतच जातो. पूर्वेचा अटलांटिक किनारा सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतका वेळ एका सीटवर बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता बस, व्हॅन आणि टॅक्सी. जहाजाच्या सहलीचा एकच खरा फायदा आहे आणि तो मोठा आहे: बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरून घेतलेल्या सहलीला हे संरक्षण नाही. म्हणून ज्यांना घड्याळाची धास्ती सोसत नाही त्यांनी जहाजाचीच सहल घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पण मोठ्या बसमधली चाळीस माणसं प्रत्येक थांब्यावर उतरायला दहा मिनिटं आणि चढायला पंधरा मिनिटं घेतात. असे पाच थांबे झाले की दोन तास दारातच गेले. शिवाय जे पाहण्यासारखं आहे ते बऱ्याचदा अरुंद वळणावर असतं. तिथे व्हॅन बाजूला घेता येते, बस नाही.

तुम्ही पाच जण आहात. म्हणजे पूर्ण टॅक्सी-व्हॅन फक्त तुमच्यासाठी करण्याचा पर्यायही विचारात घ्या. पाच जणांचे सहलीचे दर एकत्र केले की ती रक्कम स्वतंत्र व्हॅनच्या जवळ जाते, आणि आजोबांना वाटेल तेव्हा गाडी थांबवता येते. एकच अट: बुकिंग आधी झालेलं असावं. धक्क्यावर उतरून घाईत सौदा करणं वयस्कर माणसांबरोबर असताना टाळा. भाव ठरवताना कोणते डॉलर हे स्पष्ट विचारा. सेंट लुसियात पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, आणि तो १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० या दराला बांधलेला आहे. अमेरिकन डॉलर सगळे घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात परत मिळतात. लहान नोटा जवळ ठेवल्यात तर बरं.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवू का, असं अनेक जण विचारतात, कारण इथे भारतासारखंच डावीकडून चालवतात. नका चालवू. स्थानिक परवाना काढावा लागतो, वळणांवर समोरचं दिसत नाही, आणि चालवणाऱ्याला समुद्र दिसतच नाही.

सहलीचं बुकिंग करताना ‘कायकाय दाखवणार’ हे सगळे विचारतात. मी आधी विचारते, ‘सगळ्यात पहिला थांबा कोणता?’ बहुतेक गाड्या निघाल्या की आधी मॉर्न फॉर्च्युनच्या टेकडीवर थांबतात, मग मॅरिगो बे या खाडीच्या वरच्या कठड्यावर, मग एखाद्या दुकानात. परिणाम असा की बंदरात दोन-तीन जहाजं लागलेली असली तर सगळ्यांच्या सगळ्या गाड्या अकराच्या सुमाराला सूफ्रिएरच्या गंधकाच्या झऱ्यांवर एकदम येऊन धडकतात. उलटं करा. सकाळी थेट सूफ्रिएर गाठायचं, झरे आणि बाग गर्दीआधी उरकायची, आणि वरचे कठडे, मॅरिगो बे, कॅस्ट्रीजचं बंदर हे सगळं परतीच्या वाटेवर घ्यायचं. सकाळी सूफ्रिएरजवळची पिटॉन शिखरंही जास्त वेळा मोकळी दिसतात. दुपारकडे माथ्यावर ढग जमायला लागतात. यात दुसराही फायदा आहे: दिवसाचा शेवट बंदराच्या जवळ होतो. रस्त्यात काही अडलंच तर शेवटचे दोन थांबे गाळता येतात. हा क्रम ऐकून जो चालक-गाइड ‘हो, तसंच करू’ म्हणतो त्याला त्याचं काम कळतं, असं मी धरून चालते.

दुसरा प्रश्न: व्हॅनमध्ये सीट किती आणि त्या दिवशी माणसं किती घेणार? ‘लहान गट’ म्हणून काही जण अठरा-वीस जणही कोंबतात. बारापर्यंत ठीक. आजोबांसाठी पुढची सीट लेखी मागून घ्या. व्हॅनची पायरी उंच असते, तेव्हा छोटा स्टूल आहे का तेही विचारा. असतो बहुतेकांकडे, पण न मागता गाडीत ठेवला जाईलच असं नाही. गाडी लागणारं कोणी असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. आलेपाक खिशात असू द्या.

आता रस्त्याबद्दल, कारण या सहलीतलं खरं मोलाचं काय असेल तर हा रस्ता आणि तो समजावून सांगणारा माणूस. हे बेट फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये चौदा वेळा हातातून हातात गेलं आणि १८१४ मध्ये कायमचं इंग्रजांकडे राहिलं. म्हणून गावांची नावं फ्रेंच, शाळा-कचेऱ्यांची भाषा इंग्रजी, आणि घरात व बाजारात क्वेयॉल ही क्रिओल बोली. स्वातंत्र्य मिळालं २२ फेब्रुवारी १९७९ ला. तुमचं जहाज नेमकं त्या तारखेला लागत असेल तर सुट्टी गृहीत धरा आणि कोणती ठिकाणं उघडी आहेत ते आधी विचारून घ्या.

कॅस्ट्रीज सोडल्यावर रोझो खोऱ्यात केळीच्या बागा लागतात. घडांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या दिसतील. जळगावकडच्या माणसाला त्या बघून सांगावं लागत नाही की फळाला डाग पडू नये म्हणून हे केलंय. इथे गाइडला बोलतं करा. पन्नाशीच्या दशकापासून ब्रिटनच्या हक्काच्या बाजारपेठेवर या बेटातली हजारो छोटी कुटुंबं उभी होती. केळीला ‘हिरवं सोनं’ म्हणत. मग अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या चार देशांनी युरोपच्या या सवलतींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला, आणि डोंगरउतारावर दोन-तीन एकर लावणारा शेतकरी मोठ्या कंपन्यांच्या मळ्यांपुढे टिकेना. आज पर्यटनात काम करणाऱ्या अनेकांच्या घरी केळी होती. मुलीला हे ऐकू द्या. हॉटेलच्या किनाऱ्यावर बसून हे बेट कळत नाही, ते या खोऱ्यात गाडी पाच मिनिटं थांबवली तर कळतं.

पुढे आन्स ला रे आणि कॅनरीज ही कोळ्यांची गावं. त्यांच्या दरम्यान रस्त्याकाठी कसावाची भाकरी करणारी जागा आहे, तिथे थांबलंच पाहिजे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा. कंद किसून, पिळून, वाळवून त्याचा रवाळ भुगा मोठ्या कढईत लाकडाच्या आचेवर परततात आणि मग जाडसर भाकऱ्या भाजतात. बेटावरच्या मूळ रहिवाशांची ही पद्धत युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीची. नारळाची, दालचिनीची आणि साधी भाकरी तुम्हाला चालेल. खारवलेल्या माशाचीही करतात, म्हणून मागताना नीट सांगा. गरम असतानाच खा, थंड झाली की चिवट होते. जाताना घेतली तर सकाळची न्याहारी होते, आणि मधुमेह असलेल्या आजींना जेवणापर्यंत उपाशी राहावं लागत नाही.

सूफ्रिएर गाव वरच्या वळणावरून पहिल्यांदा दिसतं तेव्हा पलीकडे पेटी पिटॉन सरळ समुद्रातून उभा राहिलेला असतो, ७४३ मीटर उंच. त्याच्या मागे ग्रो पिटॉन, सुमारे ७७० मीटर. दोन्ही ज्वालामुखीचे सुळके. २००४ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे, आणि देशाच्या झेंड्यावरचे त्रिकोण म्हणजे हेच दोघे. ग्रो पिटॉनवर चढता येतं, गाइड बरोबर घ्यावा लागतो, पण त्याला अर्धा दिवस आणि चांगले गुडघे लागतात. ती वाट जिथून सुरू होते त्या वाडीचं नाव फाँ जाँ लिब्र. गुलामीतून पळून डोंगरात लढलेल्या माणसांच्या वंशजांची ती वस्ती. तुम्ही तिथे जाणार नाही, पण गाइडला त्यांच्याबद्दल विचारा. जुन्या ऊस-कोकोच्या मळ्यात जेवायला नेतील तिथेही विचारा की इथे काम कोण करत होतं. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामी कायद्याने संपली, पुढे १८५९ पासून भारतातून करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. ते मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातले होते. त्यांच्या वंशजांची आडनावं आजही इथे भेटतात, आणि रोटी इथल्या रोजच्या खाण्यात आहे.

गंधकाचे झरे हा सूफ्रिएरचा मुख्य थांबा. गाडी अगदी जवळपर्यंत जाते, म्हणून आजोबांना फार चालावं लागणार नाही. कोसळलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या पोटात राखाडी चिखल उकळताना आणि वाफ उसळताना कठड्यावरून दिसते. शेवटचा छोटा वाफेचा उद्रेक १७६६ मध्ये झाला होता. पूर्वी लोकांना अगदी कडेपर्यंत नेत, पण नव्वदच्या दशकात एक गाइड पातळ कवचातून आत गेला, भाजून वाचला, आणि तेव्हापासून लांबूनच बघू देतात. वास कुजक्या अंड्यांचा. दम्याचा त्रास असलेल्यांनी इथे थांबू नये.

खालच्या अंगाला कोमट-गरम पाण्याची कुंडं आहेत. आधी पाण्यात भिजायचं, अंगाला राखाडी चिखल लावायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा धुवायचा. मुलीला हे दिवसभरातलं सगळ्यात जास्त आवडेल. काही गोष्टी मात्र मी प्रत्येक गटाला आधी सांगते. चांदी काढून ठेवा: आजींची जोडवी, मुलीचे पैंजण, हातातलं कडं. या वायूने चांदी काही मिनिटांत काळी पडते. सोन्याला काही होत नाही. पोहायचे कपडे गडद रंगाचे आणि जुने घाला, फिक्या कापडावरचे डाग जात नाहीत. आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर आजींनी पाय पाण्यात सोडू नयेत. पाणी किती गरम आहे ते त्यांना कळणार नाही आणि भाजलेलं जहाजावर गेल्यावर लक्षात येईल. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी काठावर बसावं. यात काही हुकत नाही. हाताला चिखल लावून तिथेही मजा येते.

तिथून डायमंड धबधबा आणि बाग. खनिजांमुळे कातळावर पिवळे-हिरवे-जांभळे पट्टे उठलेले दिसतात. धबधब्याखाली उतरू देत नाहीत, पण वाट बरीचशी सपाट आहे आणि सावली आहे. इथली कुंडं १७८४ मध्ये सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी बांधली होती. मुलीला धबधब्याखाली भिजायचंच असेल तर तोराई धबधबा जवळच आहे. दोन्ही करू नका. वेळ खाणारी गोष्ट चालणं नसून कपडे बदलणं असते.

बागेत आजी-आजोबांना घरच्यासारखं वाटेल असं बरंच आहे: कोको, जायफळ, दालचिनी, नीरफणस. कोकणातला कोणी बरोबर असेल तर तो गाइडच्या आधी झाडं ओळखतो. गाइडला ते आवडतं आणि मग दोघांच्या गप्पा रंगतात.

जेवणाबद्दल सविस्तर सांगते, कारण ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासे चालतात असं इथे पुष्कळांना वाटतं. ‘मांस नाही, मासे नाही, कोंबडी नाही, अंडं चालतं किंवा नाही’ असं सुटं सुटं लिहून कळवा. भात, डाळ किंवा मसूर, तळलेली पिकी राजेळीसारखी केळी, उकडलेले कंद, भाजलेला नीरफणस हे बहुतेक ठिकाणी मिळतं आणि चांगलं असतं. कलालू हे अळूच्या पानांचं सार. दिसायला ओळखीचं, पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस किंवा खेकडा घालायची पद्धत आहे, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. ग्रीन फिग म्हणजे कच्ची केळी, पण राष्ट्रीय पदार्थात ती खारवलेल्या माशाबरोबर येते. माशाशिवाय वेगळी काढून द्या म्हटलं की देतात.

समुद्रात डुंबणं शेवटी ठेवलेलं असतं. सेंट लुसियात किनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरचा असला तरी. किनाऱ्यावर मँचनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं येणारं. फळ, पान, चीक सगळंच विषारी, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी कातडीवर फोड येतात. मुलीला झाडाची फळं उचलायची नाहीत एवढं आधीच सांगून ठेवा. आणखी एक: लष्करी ठिपक्यांचे कपडे या देशात नागरिकांनी घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. बॅगेत तशी टोपी असेल तर जहाजावरच ठेवा.

घड्याळ नीट लावा. फेब्रुवारीत सेंट लुसिया न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं. जहाज मात्र कधी स्थानिक वेळ पाळतं, कधी स्वतःची. मोबाइल स्थानिक टॉवर पकडून आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि घरातले दोघे वेगवेगळ्या वेळा सांगायला लागतात. उतरताना दारावर लिहिलेली ‘जहाजावर परत येण्याची वेळ’ फोटो काढून गाइडला दाखवा. सुटण्याची वेळ पाचची असेल तर परत येण्याची बहुधा साडेचारची असते. मी माझ्या गटाला त्याच्या दीड तास आधी कॅस्ट्रीजच्या हद्दीत आणते, म्हणजे तीन वाजता. पश्चिम किनाऱ्याला रस्ता एकच आहे. एखादा ट्रक आडवा झाला किंवा दरड आली तर दुसरी वाट दक्षिणेकडून पूर्व किनाऱ्याने, आणि तिला दोन तासांहून जास्त लागतात. म्हणून सूफ्रिएर दीड वाजता सोडायचं, गाइड कितीही निवांत असला तरी.

वेळ उरला तर धक्क्यापासून जवळच कॅस्ट्रीजचा बाजार आहे. जायफळ, जायपत्री, दालचिनी आणि कोकोच्या कांड्या घ्या. कांडी किसून दूध, दालचिनी, जायफळ घालून उकळली की इथला ‘कोको टी’ होतो. अमेरिकेत परतताना मसाले जाहीर करावे लागतात, ताजी फळं नेता येत नाहीत. पलीकडे डेरेक वॉलकॉट चौक. या कवीला १९९२ चं साहित्याचं नोबेल मिळालं. चौकातला प्रचंड डेरेदार सामान वृक्ष म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरचा रेन ट्री, तो मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला.

आजोबा क्रिकेटवाले असतील तर इथलं क्रिकेटचं मैदान बघू म्हणतील. ते उत्तरेला ग्रोझ इलेला आहे, सूफ्रिएरच्या बरोबर उलट दिशेला, त्यामुळे या दिवसात बसत नाही. पण पुढच्या सीटवर बसून गाइडशी डॅरेन सॅमीबद्दल बोलायला त्यांना सांगा. मिकू गावचा हा मुलगा वेस्ट इंडीजकडून खेळणारा बेटावरचा पहिला खेळाडू, आणि २०१२ व २०१६ चे टी-ट्वेन्टी विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली जिंकलेले. २०२४ च्या जूनमध्ये त्याच्याच नावाच्या मैदानावर आपल्या रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाला ४१ चेंडूंत ९२ फटकावले होते. त्या विषयावर बोलायला गाइडला आग्रह करावा लागत नाही.

व्हॅनमध्ये चढताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, मग प्रश्न विचारा. दुकानातही तसंच. न म्हणता थेट ‘हे केवढ्याला’ विचारणं इथे उद्धटपणा मानतात. टीप दहा ते पंधरा टक्के, गाइडच्या हातात, सहल आवडली असेल तर.

बुकिंगच्या निरोपात एवढं लिहा: जहाजाचं नाव, परत येण्याची वेळ, पाच जणांची वयं, पुढची सीट आणि स्टूल हवा, आधी सूफ्रिएर मग परतीचे थांबे, मांस-मासे वर्ज्य, प्रवेशशुल्क आणि जेवण दरात धरलंय का, आणि जहाज त्या दिवशी बंदरात आलंच नाही तर पैसे परत मिळतील का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. समुद्र खवळला की कप्तान बंदर गाळू शकतो. आजी-आजोबांच्या भारतीय पासपोर्टसाठी या बेटाचा आणि वाटेतल्या प्रत्येक बंदराचा नियम जहाज कंपनीकडून आताच लेखी मागवा, आणि त्यांचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते पासपोर्ट उघडून बघा.